पाण्याबरोबर सोडियमही जातं
डोक्यातलं पाणी (मेंदूभोवतीचा द्रव, CSF) ड्रेनने, म्हणजे बाहेरच्या पिशवीत जाणाऱ्या नळीने, काढल्यावर रक्तातलं सोडियम का उतरलं असं विचारलंत, तर ते नुसतं पाणी नसतंच हो, त्यात सोडियम जवळपास रक्ताइतकंच असतं, एरवी ते परत रक्तात शोषलं जातं पण पिशवीत गेलं की गेलंच. मोठ्या माणसात हे दिवसाला साधारण ५०० मिली तयार होतं, त्यातलं बरंचसं बाहेर गेलं आणि बदल्यात सोडियम नसलेलं नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर रक्तातलं सोडियम १३५ mEq/L च्या खाली, म्हणजे नॉर्मलपेक्षा कमी, येऊ शकतं, तान्ह्या बाळांत तर जास्तच जपावं लागतं. मला खरी भीती याची वाटते की सुस्ती, उलट्या, झटके ही लक्षणं डोक्यातलं प्रेशर वाढल्यासारखीच दिसतात, म्हणून ड्रेन तुंबलाय का बघताना सोडियमही तपासायलाच हवं. आणि ते घाईने वर चढवायचं नाही, त्यानेही मेंदूला इजा होते.