गॅस गिझर मध्येच विझतो? किती वेळाने विझतो ते बघा – अनुभव धागा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास आला की एक तक्रार घरोघरी ऐकू येते: गिझर पेटतो, पण टिकत नाही. दुरुस्तीला आलेला माणूस आधी सेल बदलतो, पुढच्या खेपेला कंट्रोल बॉक्स बदलतो आणि तिसऱ्या खेपेला 'आता नवीनच घ्या' म्हणतो. बिघाड बहुतेक वेळा याहून साधा असतो. शोधायचा कसा हे माहीत नसतं, एवढंच.

गिझरच्या आत काय घडतं ते थोडक्यात लिहितो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. गरम पाण्याचा नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने डायफ्रॅम म्हणजे रबरी पडदा हलतो आणि एक पिन पुढे ढकलतो. पिनमुळे मायक्रोस्विच चालू होतो आणि कंट्रोल बॉक्सला सेलचा करंट मिळतो. तड-तड स्पार्क सुरू होतो, सोलेनॉइड (करंटवर उघडणारी झडप) गॅसची वाट उघडतो, बर्नर पेटतो. मग ज्योत लागल्याची खबर सेन्सरकडून यावी लागते. काही सेकंदांत ती आली नाही तर बॉक्स गॅस तोडतो. या साखळीतली कुठलीही कडी सुटली की गिझर बंद.

म्हणून जाणकारांना विनंती, लिहिताना चार गोष्टी जरूर सांगा: गिझर पेटल्यावर किती वेळाने विझतो, गॅस सिलिंडरचा की पाइपचा, घर कितव्या मजल्यावर, आणि पाणी महापालिकेचं की टँकर-बोअरचं.

दुरुस्तीकाम, कोथरूड

पाच-दहा सेकंदांत विझत असेल तर दोनच संशयित: सेल आणि सेन्सर.

मोठे दोन सेल म्हणजे दीड अधिक दीड, तीन व्होल्ट. सेल बाहेर काढून मीटर लावू नका, नुसत्या सेलवर आकडा चांगलाच दिसतो. डब्यात बसवून, नळ सोडून, स्पार्क चालू असताना मोजा. त्या वेळी अडीच व्होल्टच्या खाली येत असेल तर सेल बदला. स्पार्कला पुरेल इतका जोर असतो, पण सोलेनॉइड धरून ठेवायला पुरत नाही, म्हणून ज्योत लागून जाते. स्वस्तातले साधे सेल न घेता अल्कलाइन घ्या. चार्जिंगचे सेल नकोत; ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, दोन मिळून २.४ होतात. डब्याच्या पत्तीवर हिरवट-पांढरा थर असेल तर तो खरवडून काढा. पावसाळ्यात ड्राय बाल्कनीतल्या गिझरला हे हमखास होतं.

सेल ठीक असतील तर समोरचं कव्हर काढा. बर्नरपाशी पांढऱ्या चिनीमातीत बसवलेल्या दोन काड्या दिसतील. जाड वायरवाली स्पार्कची, बारीक वायरवाली सेन्सरची. सेन्सरचं टोक निळ्या ज्योतीत बुडालेलं पाहिजे. त्यावर काजळी किंवा राखाडी थर बसला की ज्योतीतून जाणारा अतिसूक्ष्म करंट पोचत नाही आणि बॉक्सला वाटतं, पेटलंच नाही. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने टोक चकचकीत करा. चिनीमातीला तडा असेल तर काडीच बदला. स्पार्कची काडी बर्नरपासून साधारण चार मिलिमीटरवर हवी.

एक गोष्ट भले भले विसरतात. सेन्सरचा करंट ज्योतीतून बर्नरच्या धातूत जातो आणि तिथून अर्थच्या वायरने बॉक्सकडे परततो. बर्नरचे स्क्रू किंवा अर्थची क्लिप गंजली असेल तर नवा सेन्सर घालूनही गिझर दहाव्या सेकंदाला विझणार. कंट्रोल बॉक्स बदलण्याआधी ही क्लिप घासून बघा. बॉक्स खरोखर गेलेला असणं त्या मानाने कमीच.

सोसायटी देखभाल, सिंहगड रस्ता

वेळेचा काही नेम नसेल, कधी मिनिटात तर कधी पाच मिनिटांनी विझत असेल, तर पाण्याचा दाब बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर पहिल्यांदा हेच.

हिशोब सरळ आहे. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर एक बार दाब. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे ०.२ ते ०.३ बार. अनेक गिझरना चालायला लागणारा किमान दाब याच्याच आसपास असतो. टाकी भरलेली असताना गिझर चालतो, पहाटे पातळी उतरली की बंद पडतो. घरात कुणी फ्लश ओढला, वॉशिंग मशीनने पाणी घेतलं, तरी तेवढ्यात डायफ्रॅम मागे सरकतो.

मोजायचं असं: गरम पाण्याच्या नळाखाली दहा लिटरची बादली लावा. तीन मिनिटांच्या आत भरली तर ठीक. चार मिनिटं लागत असतील तर मिनिटाला अडीच लिटरच मिळतंय, आणि सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर एवढ्यावर कुंथतच चालणार. मग ज्या नळीने पाणी आत येतं तिचं नट सोडवा. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी असते. टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात त्या जाळीत गाळ, पाइपचे टेफ्लॉनचे धागे, प्लास्टिकचा कीस सापडतोच. जुन्या टूथब्रशने धुवून परत बसवा. गाळ येतो म्हणून जाळी काढूनच टाकणारे लोक आहेत. तो गाळ मग डायफ्रॅमच्या बारीक भोकात जाऊन बसतो.

मिक्सर नळाचा उपद्रव वेगळा. गरम आणि थंड एकत्र सोडलं की थंडाचा दाब गरमाला मागे रेटतो, गिझरमधून जाणारी धार बारीक होते आणि ज्योत जाते. पाणी फार कढत येत असेल तर थंड मिसळण्याऐवजी गिझरचीच गॅसची खुंटी कमी करा, पाण्याची वाढवा. नळ पूर्ण सोडा.

एवढं करूनही वरच्या मजल्यावर जमत नसेल तर टाकीपासून गिझरला वेगळी पाऊण इंची लाइन किंवा छोटा प्रेशर पंप, हेच उपाय. कमी दाबावर चालणारं मॉडेलही मिळतं; घेताना खोक्यावरचा किमान दाबाचा आकडा वाचून घ्या.

प्लंबिंग, वाघोली

आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी, खडकवासला धरणाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड, म्हणजे क्षार जास्त. इथली तक्रार ठरलेली: मिनिट-दोन मिनिटं कढत पाणी येतं, मग बंद. पाच मिनिटं थांबलं की परत पेटतो, परत तेच. हा सेल-सेन्सरचा मामला नव्हे. तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार साचून धार बारीक झालेली असते, थोड्या पाण्याला सगळी आच लागते आणि बाहेरच्या नळीवर बसवलेला बटणासारखा थर्मोस्टॅट करंट तोडतो. त्याच्यावर तापमान छापलेलं असतं. थंड असताना त्याच्या दोन टोकांत मीटरने कंटिन्युटी, म्हणजे करंट आरपार जातोय असं, दाखवलं पाहिजे. थंडगार असूनही दाखवत नसेल तर थर्मोस्टॅट गेला.

दोन वायरी जोडून थर्मोस्टॅट 'बायपास' करून देणारे मिस्त्री आहेत. तसं करू देऊ नका. कॉइलमध्ये वाफ धरते, सांधे सुटतात, आणि उकळतं पाणी अंगावर येऊ शकतं.

खरा उपाय कॉइल धुण्याचा. गॅसची तोटी बंद करा, सेल काढा, पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडवा. पाच लिटर पाण्यात पाव किलो सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात सुटं मिळतं. एअर कूलरमध्ये असतो तो छोटा पंप बादलीत सोडा, त्याची नळी गिझरच्या पाणी आत येण्याच्या तोंडाला जोडा आणि बाहेरच्या तोंडाची नळी परत बादलीत टाका. हा पंप फार उंच पाणी चढवत नाही, म्हणून बादली उंच स्टुलावर ठेवा. अर्धा-पाऊण तास पाणी फिरू द्या. सुरुवातीला परत येणाऱ्या पाण्यात बारीक फेस दिसतो. तो थांबला की क्षार सुटले. पाण्याला निळसर झाक येऊ लागली तर तांबं विरघळतंय, लगेच थांबवा. शेवटी साध्या पाण्याने दहा मिनिटं धुवा. मगच गिझर जोडा.

बाथरूम धुण्याचं ॲसिड चुकूनही वापरू नका. ते तांबं-पितळ खातं आणि कॉइलला भोक पडतं. जड पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइल धुवावी. पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार जास्त बसतात, म्हणून गिझर कढत न ठेवता अंघोळीपुरता ठेवा.

ड्राय बाल्कनीवाले, बाणेर

छोटीशीच भर. उंच इमारतीत ड्राय बाल्कनीत गिझर असेल आणि फक्त वारा सुटल्यावर विझत असेल तर आत काही शोधू नका. झुळकेने ज्योत सेन्सरपासून बाजूला सरते. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, पण गिझरपासून हातभर लांब. वरची धुराडी आणि खालची हवेची वाट उघडीच राहिली पाहिजे. आणि बरेच महिने बंद असलेला गिझर पिवळा पेटत असेल तर बर्नरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर किंवा कोळ्याचं जाळं असतं. टॉर्च मारून बघा, कोरड्या ब्रशने काढा.

दुरुस्तीकाम, कोथरूड

वरती डायफ्रॅमचा विषय निघाला म्हणून. बादलीची चाचणी चांगली येते, जाळी साफ आहे, तरी पेटायला उशीर होतो किंवा मध्येच सोडतो, तर डायफ्रॅम फाटलेला किंवा कडक झालेला असतो. पाणी आणि गॅस बंद करून, डायफ्रॅम ज्यात बसतो त्या वॉटर व्हॉल्व्हचे स्क्रू काढा. रबर उजेडात धरून ताणा. सुईएवढं भोकही दिसतं. भोकातून पाणी पलीकडे जातं, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि पिन ढकलायला जोरच उरत नाही. नवा घेताना जुना बरोबर न्या, मापं मॉडेलगणिक वेगळी असतात. पिन आत-बाहेर सहज सरकली पाहिजे. तिच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. झाकण बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, नाहीतर एका कडेने गळतं आणि ते पाणी मायक्रोस्विचवर टपकत राहतं. मायक्रोस्विच बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो.

सुरक्षा तपासणी, पिंपरी

बरोबर वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर तो बिघाड नाहीच. बऱ्याच गिझरमध्ये वीस मिनिटांचा टायमर मुद्दाम घातलेला असतो. नळ बंद करून पुन्हा सोडा, पेटेल. तो टायमर काढून द्या म्हणून मागणी करणाऱ्यांना हात जोडून सांगते, असं करू नका.

दार-खिडकी बंद असलेल्या जागेत आठ-दहा मिनिटांनी विझत असेल आणि दार उघडल्यावर नीट चालत असेल, तर ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर त्याचं काम करतोय. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणूस कडीपर्यंत पोचायच्या आत कोसळतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या थंडीत येतातच. गिझर बाथरूमच्या बाहेर, वाऱ्याच्या जागी लावा आणि फक्त पाण्याची नळी आत न्या. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर तो गिझर त्या दिवसापासून वापरायचा नाही.

कुठलाही सांधा उघडला असेल तर जोडल्यावर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा आला तर गळती. काडी पेटवून बघायची नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, छताकडे जातो. त्याप्रमाणे खालची-वरची जाळी उघडी ठेवा. सिलिंडरची गळती वाटली तर विजेचं कुठलंही बटण न दाबता बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

गॅस शेगडी-गिझर जोडणी, हडपसर

सिलिंडरवाल्यांसाठी. सहा लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस ओढतो, शेगडीचा मोठा बर्नर साधारण २०० ग्रॅम. म्हणजे गिझर एकटाच अशा चार मोठ्या बर्नरइतका. एकाच रेग्युलेटरवर दोन्ही असतील तर शेगडी पेटवल्यावर गिझरची ज्योत दबते आणि सेन्सर सोडतो. थंडीत, त्यातही १४.२ किलोचा सिलिंडर तळाला गेला असताना, आतला द्रव गॅस पुरेशा वेगाने वायू होत नाही. सिलिंडरच्या अंगावर दव धरतं, दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतू नका. गिझरला वेगळा सिलिंडर द्या. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, कुठे मुडपलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची.

सिलिंडर सोडून एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा) पाइप घेतलेल्यांनी हे बघा. सिलिंडरच्या रेग्युलेटरचा दाब सुमारे ३० मिलिबार, पाइपच्या गॅसचा २१. जुन्याच जेटवर, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवर, पाइपचा गॅस दिला तर ज्योत बुटकी राहते, सेन्सरच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि गिझर पेटून विझतो. माणूस सेल बदलत बसतो. पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. ते ड्रिलने वाढवू नका, कंपनीचं पाइप गॅसचं जेट सेट मागा आणि अधिकृत माणसाकडून बदलून घ्या. उलटही तितकंच खरं: पाइपवरचा गिझर गावी नेऊन सिलिंडरला जोडला तर ज्योत कॉइलच्या वर उसळते.

धागाकर्ता

@हडपसर, आमच्या वरच्या मजल्यावर हेच झालंय: पाइप जोडला तेव्हा शेगडीचे जेट बदलले, गिझरचे राहिले. जेट पत्र्याच्या पट्टीसकट बदलायचे की एकेक सुटे?

गॅस शेगडी-गिझर जोडणी, हडपसर

बहुतेक मॉडेलना पूर्ण पट्टी येते. मॉडेल नंबर गिझरच्या कुशीवरच्या स्टिकरवर असतो, तिथेच गॅसचा प्रकारही छापलेला असतो. जेट बदलून झाल्यावर तिथे 'पाइप गॅस' असा नवा स्टिकर लावून घ्या, पुढच्या भाडेकरूला कळलं पाहिजे.