सोसायटी ग्रुप: युगांडाचे बूट

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सी-४०३ च्या वहिनींचे बंधू युगांडात जिंजाजवळ साखर कारखान्यात इंजिनिअर आहेत. सुट्टी संपवून २१ तारखेला परत चाललेत. तिथल्या एका शाळेतली बरीच मुलं अनवाणी येतात. आपल्या मुलांचे लहान झालेले बूट द्यायचे असतील तर वॉचमनच्या केबिनपाशी खोका ठेवलाय. रविवारपर्यंत.

ए-१०२ आजोबा: उत्तम. पण इतक्या लांब कशाला? जव्हार-मोखाड्याची पोरं काय बूट घालून फिरतात?

सी-४०३: काका, बरोबर आहे तुमचं. पण तिथे हातात नेऊन देणारं माझं कोणी नाही. युगांडात भाऊ आहे, तोच वाटणार. जव्हारला कोणी उभं राहणार असेल तर दुसरा खोका आजच ठेवू.

ए-१०२ आजोबा: माझा भाचा विक्रमगडला शिक्षक आहे. विचारतो.

बी-२०१ डॉक्टर: थोडं सांगते. युगांडाच्या त्या भागात जिगर नावाची पिसू असते, जेमतेम १ मिलिमीटरची. मातीच्या जमिनीत, कोरड्या वाळूत राहते. मादी पायाच्या बोटांत, नखाखाली शिरते आणि अंडी भरत वाटाण्याएवढी फुगते. मूल लंगडतं, शाळा बुडते. घरोघरी एकच सेफ्टी पिन सगळ्यांना वापरून ती उकरतात, त्यातून जखम चिघळते, धनुर्वाताची भीती. बुसोगा भागात २०१० मध्ये मोठी साथ होती, जिंजा त्याच भागात येतं. म्हणून बंद बूटच द्या. स्लीपरचा फारसा उपयोग नाही.

बी-२०१ डॉक्टर: आणि आजोबा, ही पिसू मूळची दक्षिण अमेरिकेची. १८७२ मध्ये ब्राझीलहून अंगोलाला आलेल्या जहाजातल्या वाळूबरोबर आफ्रिकेत उतरली. १८९९ च्या सुमारास परतणाऱ्या मजुरांबरोबर आपल्या मुंबईतही येऊन गेली होती. इथे टिकली नाही, एवढंच.

ए-१०२ आजोबा: अरे बापरे. हे माहीत नव्हतं.

ए-३०२: मला वेगळीच शंका आहे. पूर्व आफ्रिकेच्या बाजारात जुन्या कपड्या-बुटांचे ढीग येऊन पडतात, तिथल्या कारागिरांचं पोट मारलं जातं. २०१६ मध्ये तिकडच्या देशांनी ही आयात हळूहळू बंद करायचं ठरवलं होतं. आपण त्यातच भर घालतोय का?

सी-४०३: आपण कंटेनर पाठवत नाही हो. ४६ किलो सामान नेता येतं, त्यातलं भावाचं १६. उरले ३० किलो. जोड ४०० ग्रॅमचा धरला तर सत्तरेक. पण मुद्दा पटला. मोघम पाठवायचं नाही, माप बघूनच द्यायचं.

डी-१०४: उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

(रविवार)

सेक्रेटरी: खोका उघडला. मनस्ताप झाला. एकटी चप्पल ३. टाचेचे सोनेरी सँडल १ जोड, शाळेच्या मुलीला! बुरशी आलेले ८ जोड. पावसाळ्यात कपाटात कोंबलेले सरळ इथे आणून टाकलेत. आणि स्केट्स. एकच.

बी-५०१: काका, भंगारवाला समजले असतील.

सेक्रेटरी: मग भंगारवाल्याला द्यायचे होते.

सी-४०३: भावाने शाळेत फोन केला होता. तिथल्या बाईंनी वहीच्या पानांवर मुलांचे पाय ठेवून पेन्सिलीने गिरवून घेतले. ६४ पानांचे फोटो आलेत. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर, कडेला नाव. एका पानावर पायाच्या आत फूल काढलंय. बहुतेक १८ ते २२. बुटाचा नंबर बघू नका, ब्रँडप्रमाणे बदलतो. आतला तळ पट्टीने मोजा आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटर जास्तीचं ठेवा, मुलं वाढतात.

ए-३०२: आता बरं वाटलं. माझ्याकडे काळ्या शाळेच्या बुटांचे दोन जोड आहेत. २०२० मध्ये जूनच्या आधीच घेऊन ठेवले, शाळा ऑनलाइन झाली, उघडलेच नाहीत. मुलगा आता दहावीत.

बी-५०१: मोजले का?

ए-३०२: २१ आणि २०.

डी-१०४: चांगल्या ३५ जोडांचे तळ स्टेशनजवळच्या मोचीला दाखवले. जोडामागे ३० रुपये घेतले आणि ४ जोड परत केले. म्हणाला, "हे शिवून उगाच पैसे घालवाल."

ए-३०२: कमी पडतील ते ठक्कर बाप्पा कॉलनीतून नवे कॅनव्हास आणू. चेंबूर-कुर्ल्याच्या हद्दीवर, तिथे बूट बनवणारेच बसतात. घाऊक भाव मिळेल. माझे २ जोडांचे पैसे धरा.

बी-२०१ डॉक्टर: माझे ५.

ए-१०२ आजोबा: माझे ३. विक्रमगडला भाचा म्हणतो, त्याच्या शाळेतही पाय गिरवून पाठवतो. पाऊस संपला की घेऊन जाऊ.

(२० तारीख, रात्री)

सी-४०३: रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलले. साडेएकतीस किलो. भावाने स्वतःची जीन्स आणि फराळाचा एक डबा बाहेर काढला. लेस एकमेकांत बांधल्यात, नाहीतर तिथे पोचल्यावर डावा-उजवा शोधत बसायचं. प्रत्येक जोडात त्या त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी. नवे-जुने मिळून सगळे ६४.

ए-१०२ आजोबा: फराळाचा डबा कोणाचा?

सी-४०३: तुमचाच काका. चकली.

सेक्रेटरी: ते एकच स्केट ज्यांचं आहे त्यांनी केबिनमधून घेऊन जावं. वॉचमन त्याच्यावरून घसरलाय.