बोगदा, भुयार आणि सुरुंग

प्रश्न : मुंबईच्या मेट्रो ३ विषयीच्या लेखनात एकाच खोदाईला कुठे ‘बोगदा’, कुठे ‘भुयार’, तर कुठे ‘सुरुंग’ म्हटलेले आढळते. हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘भुयार’ हा शब्द ‘भूमिगृह’ या संस्कृत शब्दातून आला असून जमिनीखालची खोली, तळघर हा त्याचा जुना अर्थ आहे. त्यामुळे भुयाराला दुसरे तोंड असलेच पाहिजे असे नाही. बोगदा मात्र आरपार असतो, जसा १९१६ पासून वापरात असलेला ठाण्याजवळचा पारसिकचा रेल्वे बोगदा. ‘भुयारी’ हे विशेषण गटारापासून मेट्रोपर्यंत सर्वत्र रुळले आहे आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही.

खरा घोटाळा ‘सुरुंग’ या शब्दाचा आहे. संस्कृत ‘सुरुङ्गा’ म्हणजे जमिनीखालून खणलेली वाट, आणि हिंदी ‘सुरंग’ या शब्दाने तो अर्थ टिकवला. मराठीत मात्र तटाखाली पोकळी खणून तीत दारू ठासण्याच्या युद्धरीतीमुळे अर्थ वाटेकडून दारूकडे सरकला, आणि आज विहिरीच्या खडकाला सुरुंग लावतात तेव्हा कोणाच्याही मनात वाट येत नाही. म्हणून हिंदी बातमीतला शब्द जसाच्या तसा उचलला, की गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या चाळीत राहणाऱ्या वाचकाला आपल्या घराखाली स्फोट होणार असे वाटते. ही भीती अनाठायी म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही, कारण त्या प्रकल्पात दोन्ही रीती वापरल्या गेल्या. गाड्यांचे बोगदे १७ यंत्रांनी खणले. यंत्राच्या फिरत्या तोंडावरील पोलादी चकत्या बेसॉल्ट दाबून फोडतात, मागोमाग काँक्रीटच्या तुकड्यांचे कडे बसते, आणि कडे व खडक यांच्यामधली फट लगेच भरली जाते, कारण ती रिकामी राहिली तर वरची जमीन बसू शकते. स्थानकांच्या खोदाईत मात्र काही ठिकाणी नियंत्रित स्फोट, म्हणजे मराठी अर्थाने खरेच सुरुंग, वापरले गेले. कोणत्या ठिकाणी यंत्र आणि कोणत्या ठिकाणी सुरुंग, हे रहिवाशाला बातमीतून कळायला हवे. त्यासाठी दोन शब्द वेगळे राखणे अत्यावश्यक आहे.

उपप्रश्न : वर आपण ‘जमीन बसणे’ असे लिहिले आहे. ‘खचणे’ का नाही?

उत्तर : दोन्हींत अंशाचा आणि वेगाचा फरक आहे. भराव बसतो, पाया बसतो; ही हळूहळू होणारी, मिलिमीटरमध्ये मोजता येणारी हालचाल असते, आणि तीच टिपण्यासाठी खोदाईच्या मार्गावरील इमारतींवर मापनखुणा व कलमापक (इमारतीचा झुकाव मोजणारी उपकरणे) बसवतात. खचणे म्हणजे आधार सुटून जमीन एकाएकी खाली जाणे. अभियंत्याच्या अहवालातील ‘सेटलमेंट’साठी ‘खचणे’ लिहिल्यास नसलेली दुर्घटना छापली जाते, आणि रस्त्याला खरोखर खड्डा पडला असताना ‘जमीन बसली’ असे लिहिल्यास घडलेली दुर्घटना झाकली जाते. बोगद्याच्या काँक्रीट कड्यांसाठी रूढ असलेला ‘अस्तर’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. कपड्याच्या आतल्या बाजूचे अस्तर माहीत असलेल्या कोणालाही तो न समजावता कळतो.