मदत हवी आहे: एकाच महिन्याचे दोन आलेख, खरा कुठला?

सानिका_प: कोविडच्या पहिल्या लाटेवर प्रकल्प लिहितेय, उद्याच द्यायचा आहे. तेव्हा जतन केलेले दोन आलेख आहेत. देश तोच, महिना तोच, दोन्ही मृत्यूंचे. एकात शेवटच्या आठवड्यात रेषा धाडकन खाली येते, दुसऱ्यात जवळपास सपाट. खरा कुठला धरू? प्लीज लवकर सांगा.

निरंजन७: आधी आलेख टाका. रोजचे आकडे की सात दिवसांची सरासरी? एकूण की दर लाखामागे? आडव्या अक्षावर काय लिहिलंय?

सानिका_प: रोजचे, सरकारी आकड्यांवरूनच काढलेले. अक्षावर तारीख आहे, अजून काय असणार?

उघडडोळे: सरकारी म्हटलं की विषय संपला. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२० ला व्याख्या बदलली आणि ५,००० हून जास्त मृत्यू एका झटक्यात यादीतून गायब!

निरंजन७: ती लपवाछपवी नव्हती हो. आधी इंग्लंडमध्ये चाचणी पॉझिटिव्ह आलेला माणूस नंतर कधीही, कशानेही गेला तरी कोविडमृत्यू धरायचे. मग २८ दिवसांची मर्यादा घातली, तीही जाहीर करून.

पाऊलखुणा: एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाका, मूव्हिंग ॲव्हरेज निवडा, रेषा छान गुळगुळीत होते.

उघडडोळे: एक्सेलचं नाव काढू नका. जुन्या फाइलमध्ये ओळी मावल्या नाहीत म्हणून इंग्लंडचे जवळपास १६,००० रुग्ण वेळेत मोजलेच गेले नव्हते.

डॉ_कुलदीप: दोन्ही आलेख बाजूला ठेवा. अतिरिक्त मृत्यू बघा, म्हणजे नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली. २०२० आणि २०२१ मिळून जगात नोंदलेले कोविडमृत्यू सुमारे ५४ लाख. जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाख.

निरंजन७: डॉक्टर, मान्य आहे, पण दोन वर्षांच्या बेरजेवरून तिला तो एक आठवडा कसा कळणार?

मृण्मयी: मी तेव्हा एका रुग्णालयात नोंदी भरायचे. फॉर्मवर दोन रकाने असायचे, मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख. शनिवार-रविवारी गेलेल्यांचे फॉर्म मंगळवारपर्यंत चढत राहायचे, कारणाचा दाखला अडला तर त्याहूनही उशिरा. सानिका, अक्षाखालची बारीक अक्षरं वाच.

सानिका_प: हो! पहिल्यात फिक्या करड्या अक्षरात ‘मृत्यूची तारीख’, दुसऱ्यात ‘नोंद झाल्याची तारीख’.

मृण्मयी: मग झालं. पहिल्यातली घसरण म्हणजे मृत्यू कमी झाले असं नाही, त्या दिवसांचे फॉर्म अजून यायचे होते. दुसऱ्यात जुने मृत्यूही आजच्या खात्यात पडतात, म्हणून तो सपाट. त्याच महिन्याचे आकडे आज परत उतरवून बघ.

उघडडोळे: म्हणजे तेव्हा लोकांना ‘लाट ओसरली’ म्हणून चुकीचंच दाखवलं ना?

मृण्मयी: खाली टीप न देता दाखवलं असेल तर हो. त्याचा मलाही राग आहे.

सानिका_प: उतरवले. घसरण जवळपास भरून निघाली! मग प्रकल्पात जुना आलेख टाकूच नको का?

निरंजन७: दोन्ही टाका, शेजारी शेजारी. जुन्याखाली ‘अमुक तारखेपर्यंत आलेल्या नोंदी’ असं लिहा आणि त्यातले शेवटचे दहा-बारा दिवस करड्या पट्ट्यात दाखवा. देश कुठला ते मात्र अजून सांगितलं नाहीत!