कोपा इटालियातून लहान क्लबना मुद्दाम बाहेर ठेवलंय का?

मध्यरात्रीचा_मिलानवाला:
मंडळी, प्रश्न बेसिक वाटेल पण विचारतोच. मी बरीच वर्षं मिलानचा फॅन, पण लक्ष कायम लीग आणि चॅम्पियन्स लीगवर, कप, म्हणजे कोपा इटालिया, इटलीतल्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा, कधी धड बघितला नाही. मे २०२५ ची फायनल मात्र रात्री साडेबाराला जागून बघितली. बोलोन्याच्या एन्डोयेने ५३ व्या मिनिटाला गोल मारला, बोलोन्या १-० ने कप घेऊन गेले, ते दुःख आहेच, पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. इंग्लंडमध्ये एफए कपात पाचव्या लेव्हलची टीम प्रीमियर लीगवाल्यांना आपल्या गावच्या मैदानात खेचून घाम काढते, इटलीत हे असं का दिसत नाही? इथे मोठे क्लब थेट डिसेंबरच्या आसपास उगवतात, ते पण घरच्या मैदानावर. हे ठरवलं कोणी? आणि खुद्द इटालियन लोकांना या कपाचं काही पडलंय का? सुरुवातीच्या राउंडला स्टेडियम ओस पडलेलं असतं.

कोल्हापुरी_कातेनाचो:
कोणी म्हणजे काय भावा, सिरी ए, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची डिव्हिजन, तिच्या क्लबांची जी लीग आहे तिनेच. स्पर्धा तेच चालवणार, टीव्हीचे हक्क तेच विकणार, मग सोय कुणाची बघणार? २०२१-२२ च्या आधी ७८ क्लब असायचे आणि त्यात सिरी डी (चौथी डिव्हिजन) मधले पण असायचे. मग ते ४४ वर आणलं. सिरी ए चे २०, बी चे २० आणि सी चे फक्त ४, बाकी सगळ्यांना नारळ. मागच्या सीझनचा कपविजेता धरून वरचे आठ डायरेक्ट शेवटच्या १६ मध्ये बसतात, पूर्ण ड्रॉ टेनिससारखा आधीच लागलेला असतो आणि सेमीच्या दोन मॅच आणि रोमची फायनल सोडली तर ज्याचं सीडिंग (मागच्या सीझनवरून ठरलेला नंबर) वरचं त्याच्याच घरी मॅच. चिठ्ठी काढून घर ठरवायची भानगडच नाही. म्हणजे तू म्हणतोस तो गावच्या मैदानातला घाम नियमातच बसत नाही.

तरी पोरं कधीकधी नियम फाडून पुढे येतात. तुझ्याच मिलानची गोष्ट सांगतो. २०१५-१६ ला अलेस्सांद्रिया नावाची तिसऱ्या डिव्हिजनची टीम, पालेर्मोला त्यांच्या घरी हरवलं, मग जेनोआला जेनोआत, दोघं तेव्हा सिरी ए मध्ये होते, मग स्पेझियाला त्यांच्या घरी, आणि थेट सेमीफायनलला! तिथे मिलानने १-० आणि ५-० असं संपवलं, त्यातली अलेस्सांद्रियाची 'घरची' मॅच सुद्धा तुरिनला खेळवावी लागली कारण त्यांचं स्टेडियम चिमुकलं. आता सी मधून चारच टीम घेतात म्हटल्यावर असला प्रवास अजून अवघड केलाय, माझ्या मते हा शुद्ध कोडगेपणा आहे.

गोंयकार_नेराझुरी:
नियमांबद्दल कोल्हापूरकर बरोबर बोलतायत, पण "कुणाला पडलेलं नाही" हे काही मला पटत नाही. क्वार्टरफायनलपर्यंत नाही पडलेलं, मान्य, रिझर्व्ह गोलकीपर आणि अकॅडमीची पोरं खेळवतात. त्यानंतर मात्र सगळ्यांनाच पडलेलं असतं. २०१० ची फायनल बघ, इंटर-रोमा, मिलिटोचा एक गोल आणि शेवटी टोट्टीने बालोटेल्लीला मागून अशी लाथ घातली की रेड कार्ड. न पडलेल्या कपात माणूस अशी लाथ घालत नाही. २०१२ ला युव्हेंटस लीगमध्ये अख्खा सीझन एक पण मॅच हरले नाहीत आणि कपच्या फायनलला नापोलीने २-० ने झोपवलं, कावानी आणि हामशिक, आणि ती देल पिएरोची युव्हेंटसकडून शेवटची मॅच. आणि २६ मे २०१३, रोमचा डर्बीच, म्हणजे एकाच शहरातले लाझिओ आणि रोमा, फायनलला. ७१ व्या मिनिटाला लुलिच, लाझिओ १-०. लाझिओवाले तो ७१ आकडा अजून मिरवतात, कारण ती फायनल परत खेळून हिशोब चुकता करता येत नाही, हेच रोमावाल्यांचं दुखणं.

मी इंटरवाला असल्यामुळे आमचा जुना डिफेंडर मातेराझ्झीचं कौतुक करायला हवं, त्याने आमच्याकडे चार कोपा जिंकले. पण हाच माणूस २०१५ ला चेन्नईयिनचा कोच होऊन फातोर्ड्याला आला आणि आमच्याच अंगणात एफसी गोवाला ३-२ ने हरवून आयएसएल घेऊन गेला, त्यामुळे कौतुक थोडं घशात अडकतं 😅

जुना_काल्चोप्रेमी:
पोरांनो जरा मागे जा. अगदी पहिला कोपा, १९२२, जिंकला कुणी? वादो! लिगुरियातला किनाऱ्यावरचा एक छोटा क्लब, फायनलला उदिनेसेला एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने हरवलं, गोल लेवरात्तोचा, त्याचं टोपणनावच पुढे 'जाळी फाडणारा' असं पडलं. १९६२ ला नापोलीने सिरी बी मध्ये असताना कप जिंकला आणि त्याच वर्षी वर पण चढले, असं करणारे ते एकटेच. आणि माझी सगळ्यात लाडकी टीम म्हणजे १९९७ चं विचेन्झा. गुइदोलिन कोच, मोठं नाव म्हणावं असं कोणी नाही, फायनलची पहिली लेग नापोलीत १-० ने हरले, घरी एक्स्ट्रा टाइमपर्यंत ताणून ३-० मारले आणि कप हातात, आणि तेवढ्यावर थांबले असते तर विचेन्झा कसले, पुढच्या वर्षी कप विनर्स कपला (देशोदेशीच्या कपविजेत्यांची युरोपातली स्पर्धा) सेमीफायनलपर्यंत गेले, चेल्सीला घरी १-० हरवलं पण लंडनला ३-१ झालं आणि संपलं.

आटालांटाची तर वेगळीच तऱ्हा. १९८७ ला फायनल हरले, लीगमधून खाली पण गेले, पण जिंकलेल्या नापोलीकडे लीग सुद्धा होती म्हणून युरोपचं तिकीट यांना मिळालं आणि सिरी बी मध्ये खेळत खेळत कप विनर्स कपची सेमी गाठली, बेल्जियमच्या मेखेलेनकडून हरले. कप विनर्स कप बंद झाला तिथेच कोपाचा अर्धा जीव गेला असं मला वाटतं. लहान क्लबला कप जिंकून बाहेरच्या देशात जायची ती एक खास खिडकी होती. आता युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपियन स्पर्धा) जागा मिळते, पण तीच जागा लीगमध्ये वर येऊन पण मिळते, मग मोठ्या कोचला कपात घाम गाळायची घाई कशाला असेल?

कोल्हापुरी_कातेनाचो:
@जुना_काल्चोप्रेमी काका, मोठ्यांसाठी हे खरं. पण २०२५ चं लीगचं टेबल बघा की. मिलान आठवे, बोलोन्या नववे. मिलान पूर्ण युरोपबाहेर आणि बोलोन्या कपामुळे युरोपा लीगला! एका गोलावर अख्खं पुढचं वर्ष फिरलं. (मिलानवाल्या भावा, सॉरी.)

आणि बोलोन्याला तो कप म्हणजे काय होता हे नुसत्या टेबलवरून कळत नाही. सात वेळा इटलीचे चॅम्पियन, पण शेवटचं १९६४ ला. शेवटचा कोपा १९७४ ला, पालेर्मोविरुद्ध पेनल्टीवर. मधे ९३ ला क्लबचं दिवाळं निघालं, तिसऱ्या डिव्हिजनला गेले. ५१ वर्षं थांबलेली लोकं, तीसेक हजार जण रोमला गेले होते त्या रात्री. आमच्याकडे पेठेच्या टीमची फायनल असली की घरातली म्हातारी माणसं पण शाहू स्टेडियमवर येऊन बसतात, तसलं काहीतरी, फक्त शहरभर. कोच इटालियानो पण भारी केस, फिओरेंटिनाबरोबर तीन फायनल हरलेला माणूस, २०२३ चा कोपा इंटरकडून, वर दोन कॉन्फरन्स लीगच्या (युरोपची तिसऱ्या नंबरची स्पर्धा). चौथीला जिंकला.

त्याच सीझनचं एंपोली कोणी विसरू नका. फिओरेंटिनाला फ्लोरेन्समध्ये पेनल्टीवर काढलं, मग युव्हेंटसला तुरिनमध्ये पेनल्टीवर. युव्हेंटस म्हणजे १५ कोपावाले, मागच्याच वर्षीचे विजेते. सेमीला बोलोन्याने थांबवलं आणि सीझन संपताना तेच एंपोली सिरी बी मध्ये गेलं.

मध्यरात्रीचा_मिलानवाला:
सॉरी स्वीकारलं 😐 एंपोलीचं माहितीच नव्हतं, भारी आहे. मग एक सांगा, पुढच्या सीझनला बघायचंच असेल तर कुठून सुरू करू? सगळं बघायला वेळ नाही आणि घरचे ओरडतात.

गोंयकार_नेराझुरी:
ऑगस्टच्या राउंडांत सिरी बी विरुद्ध सिरी ए च्या खालच्या टीम असतात, त्यातल्या एक-दोन बघ. खालच्यांचे पाय मोकळे झालेले असतात आणि वरचे अजून सुट्टीच्या मूडमध्ये, गडबड तिथेच होते. मग शेवटच्या १६ ला पण मोठा क्लब सोड, सातव्या-आठव्या सीडची मॅच पकड. हिवाळ्यात रात्रीची मॅच आपल्याकडे दीडला लागते, त्यामुळे आदल्या दिवशी झोपून घे. सुपरकोपाच्या (लीग आणि कपातल्या वरच्या टीमची छोटी स्पर्धा) नादी लागू नको, चार टीम करून रियाधला नेलाय, जानेवारी २०२५ ला तुम्ही आमच्याविरुद्ध ०-२ वरून ३-२ मारलंत त्याबद्दल मला काही बोलायचं नाहीये.