ठाण्यातलं पुस्तकांचं कपाट आणि आपलं कौतुक

सीमेवरचा_मास्तर (धागाकर्ता)

ती पोस्ट एव्हाना सगळ्यांकडं पोचली असेल. बेळगावजवळच्या एका ठाण्यातल्या साहेबांनी पत्र्याचं कपाट आणलं, त्यात पुस्तकं भरली आणि दर रविवारी वस्तीतल्या पोरांना आवारात बसवून वाचून घेतात. खाली ओळ: "जे शाळांना आणि वाचनालयांना जमलं नाही ते खाकीनं करून दाखवलं." त्यावर हात जोडलेल्यांचा नुसता पाऊस.

साहेब सज्जन असतील, वाद नाही. ती ओळ मात्र डोक्यात गेली, म्हणून लांबण लावतो.

फोटोतली पोरं हरणशिकारी वस्तीतली आहेत. इंग्रजांच्या कायद्यानं या लोकांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण आजही कुठं मोटरसायकल चोरीला गेली की पहिली जीप त्यांच्याच पालांकडं वळते. ज्या आवारात बापाला रात्रभर बसवलं, तिथं पोरानं रविवारी राजाराणीची गोष्ट वाचायची? बाल न्यायाचे २०१६ चे नियम सांगतात, मुलांशी वागताना पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत असावा. फोटोत टोपी, पट्टा, स्टार, सगळं आहे. आणि पोरांचे चेहरेही उघडे, गावभर फिरायला.

दुसरं. वाचनालयांना जमलं नाही म्हणे. आपण घरपट्टीबरोबर ६ टक्के ग्रंथालय उपकर भरतो. १९६५ च्या कर्नाटकाच्या कायद्यापासूनची सोय आहे ही. त्या पैशातून वस्तीत पुस्तक पोचायला हवं होतं. ते का पोचलं नाही हे नगरसेवकाला कुणी विचारत नाही, आणि साहेबांनी कपाट आणलं की आरती ओवाळायला सगळे पुढे.

निपाणीचा_धूर

मास्तर, तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा.

माझी आई विड्या वळायची. घरात छापील कागद म्हणजे पुडीचा. आमच्या गल्लीत बीटवर एक हवालदार यायचे. त्यांच्या पोराचे वाचून झालेले 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे अंक पिशवीत घालून आणायचे, चहाच्या गाड्यावर मला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे. चुकलो की काठी आपटायचे. होय, भीती वाटायची. वाचलं मात्र. आज मी बँकेत कर्जाचे कागद तपासतो. ते साध्या कपड्यांत आले असते तर मी पळून गेलो असतो. तुमच्या उपकरातला एक पैसा तरी आमच्या गल्लीत आला होता का?

सीमेवरचा_मास्तर

नाही आला, तेच तर ओरडून सांगतोय!

खानापूरच्या_पलीकडं

मास्तरांचं अर्धंच खरं. २०१९ ला खेड्यातली वाचनालयं पंचायतराज खात्याकडं गेली, २०२० मध्ये कोरोनात 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, म्हणून मोहीम निघाली, ६ ते १८ वयाच्या पोरांना सभासदत्व फुकट. म्हणजे सरकार अगदीच झोपलेलं नव्हतं. पण आमच्या पंचायतीत जाऊन बघा. गाव सगळं मराठी, पोरं मराठी शाळेतली, आणि कपाटात मराठी पुस्तकं शोधायला हात खांद्यापर्यंत घालावा लागतो. साहेबांच्या कपाटात कुठल्या भाषेतली आहेत, ते पोस्टमध्ये लिहिलंय का?

एक_नोव्हेंबर

आला बघा मुद्द्यावर! कुठली असणार? कन्नड.

आणि पोलिसांचं कौतुक करूलालेत सगळे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या आंदोलनात गोळ्या कुणी घातल्या? हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरसाल फुलं कशाला वाहतो आपण? २०१४ ला येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पाडताना लाठ्या कुणाच्या होत्या? ज्या खात्याला आमचा फलक खपत नाही, त्यानं आमच्या पोरांना वाचायला शिकवायचं. वा रे वा.

सायबीण_नव्हं_आई

एक_नोव्हेंबर भाऊ, धागा पोरांचा आहे, फलकाचा नाही.

मी त्या वस्तीत अंगणवाडीच्या कामाला जाते. ती पोरं घरात वागरी बोलतात. मराठी त्यांना बाजारात ऐकून येते, कन्नड शाळेत मारून. तुमची कन्नड आणि तुमची मराठी, दोन्ही त्यांना परकीच. आणि तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत हो? टिळकवाडीत टाय लावून जाताना बघितलीत मी. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला सायकल फेरीत पुढं, जूनमध्ये इंग्रजी शाळेच्या रांगेत त्याहून पुढं.

एक_नोव्हेंबर

माझ्या पोरांवर यायचं काम नाही वैनी. मराठी शाळेला मास्तर देत नाहीत, एका मास्तरावर चार वर्ग चालवतात, मग काय पोराचं वाटोळं करून घेऊ? घटनेत ३५० अ कलम आहे. भाषिक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. १९५६ पासून आहे. ते द्या आधी, मग माझी शाळा काढा.

खानापूरच्या_पलीकडं

हे मात्र बरोबर. आमच्याकडं शिक्षक निवृत्त झाला की जागा तशीच राहते. मग पट घटतो, मग म्हणतात पोरंच नाहीत, शाळा जोडून टाकू.

हिंडलगा_नाका

पट घटतो कारण आईबापच काढून घेतात. माझ्या भावानं काढलं. मीही काढणार आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

एक_नोव्हेंबर

काढा की! सगळे काढा. आणि मग सरकारी परिपत्रकं मराठीत द्या म्हणून मोर्चाला या. लाज नाही कुणाला.

सायबीण_नव्हं_आई

लाजेचं तुम्ही बोलूलालाय?

निपाणीचा_धूर

अरे बाबांनो, कपाट राहिलं बाजूला. भाषा कुठलीही असू दे, पोराच्या हातात पुस्तक आहे का? २०२० मध्ये बंगळूरच्या एका फौजदारानं ड्यूटीवर जायच्या आधी परप्रांतीय मजुरांच्या पोरांना शिकवलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांनीच शेअर केलं होतं. गडचिरोलीचे पोलीस 'एक गाव, एक वाचनालय' चालवतात ते महाराष्ट्राचे, म्हणून गोड. इथल्यानं केलं की कडू.

सीमेवरचा_मास्तर

गडचिरोलीत ते खात्याचं काम म्हणून चालतं, एका माणसाच्या हौसेवर नाही. मला खुपतंय ते हेच. फौजदार एका ठाण्यात किती टिकतो? माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात असेच एक साहेब होते. मागची खोली रिकामी करून अभ्यासिका काढली, उद्घाटनाला आमदार, पेपरात अर्ध पान. बदली झाली. नव्या साहेबांनी खोलीला कुलूप लावलं. पुढं काही कामासाठी गेलो तर आत मुद्देमाल. जप्त गावठीचे कॅन, गंजलेल्या मोटरसायकली आणि त्यांच्या खाली दबलेली टेबलं. पुस्तकं कुठं गेली हे कुणाला माहीत नव्हतं. पोरं अधूनमधून येऊन खिडकीतून बघून जायची म्हणे.

निपाणीचा_धूर

मग त्या दिवसांत वाचलं ते वाया गेलं? आमच्या हवालदारांचीही बदली झाली होती. माझं वाचन घेऊन गेले नाहीत ते.

हिंडलगा_नाका

हे लागलं बघा मास्तरांना.

सीमेवरचा_मास्तर

लागलं नाही, पण बरं. साहेबांना सलाम, आता खूश? पण कपाट ठाण्यात का? वस्तीतल्या समाजमंदिरात न्या. किल्ली तिथल्याच दहावी झालेल्या एखाद्या पोरीकडं द्या, मानधन उपकरातून. साहेबांची बदली झाली तरी चालेल. आणि फोटो बंद.

सायबीण_नव्हं_आई

समाजमंदिराला दार नाही मास्तर. आतली फरशीसुद्धा कुणीतरी उचलून नेली. आणि दहावी झालेली पोरगी म्हणाल तर एकच आहे, तिचं लग्न ठरलंय. म्हणून तर ठाण्यात ठेवलंय. तिथं निदान दार आहे. मी स्वतः साहेबांना सांगितलं तसं.

पोरं घाबरतात, तेही खरं. पहिल्या रविवारी निम्मी आलीच नाहीत. जी आली त्यांच्या आया फाटकाबाहेर बसून राहिल्या. आता साहेब रविवारी शर्टपँटवर येतात. तो फोटो उद्घाटनाचा. पोस्ट टाकणाऱ्यानं तोच टाकला, कारण त्यात स्टार दिसतात.

सीमेवरचा_मास्तर

हे आधी सांगायचं होतं.

सायबीण_नव्हं_आई

तुम्ही बोलू दिलं तर ना. आणि भाषेचं म्हणाल तर कपाटात कन्नड जास्त आहेत, कारण देणारे ते. मराठीतून कुणी दिलीच नाहीत. इथं एवढे मराठीचे कैवारी जमलेत, कुणाकडं काही आहे?

हिंडलगा_नाका

'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापून काढता येतील.

सायबीण_नव्हं_आई

छापायचा खर्च कोण देणार, तुम्ही?

एक_नोव्हेंबर

माझ्याकडं आहेत. बांधून ठेवलेले, वडलांच्या वेळेपासूनचे. पण कन्नडवाल्यांच्या कपाटात नाही ठेवणार.

सायबीण_नव्हं_आई

मग काय, माळ्यावर वाळवीला घालणार?

एक_नोव्हेंबर

वरचा कप्पा मराठीचा. वेगळा. आणि त्यावर चिठ्ठी मराठीत.

सायबीण_नव्हं_आई

वरच्या कप्प्याला पोरांचा हात पोचत नाही. खालचा घ्या.

एक_नोव्हेंबर

खालचा? बरं. शनिवारी खडेबाजारात या, मोठी पिशवी आणा, जड आहेत. आणि मला पावती पाहिजे. मराठीत.