शिवारात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं : छंद की लूट?

पंचगंगाकाठ

आधी कबुली देतो. माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे. गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या पायथ्याला मामांच्या रानात खोडवा मोडून नांगरट झाली, तेव्हा दोन रविवार मी तो घेऊन ढेकळांतून फिरलो. मिळकत अशी: बैलाच्या पत्र्या अकरा, फाळाचा एक तुकडा, गुटख्याच्या पुड्या (मोजल्या नाहीत), एक शिवराई (तांब्याचं जुनं मराठेशाही नाणं) आणि शिशाची एक गोळी. गावठी बोराएवढी, वर पांढरट पुट, एका बाजूनं चेपलेली. ती हातात घेतल्यावर काय वाटलं ते लिहीत नाही, इथले निम्मे हसतील.

दुसऱ्या रविवारी चौघं बांधावर येऊन उभे राहिले. "गुप्तधन काढाय लागलाय काय?" मामा आले म्हणून निभावलं.

गडावर डिटेक्टर न्यायचाच नाही, यावर वाद नको. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, जुलै 2025 पासून जागतिक वारशातल्या 12 किल्ल्यांत आहे. स्मारकाभोवतीचे कायद्यानं बंधन घातलेले 100 मीटर आणि पुढचे 200 मीटर मी सोडूनच देतो. मी बोलतोय त्यापलीकडच्या नांगरटीच्या रानाबद्दल. तिथं दरवर्षी रोटर फिरतो, जेसीबी सपाटीकरण करतो, ट्रॉल्या भरून माती दुसरीकडं जाते. त्या मातीतल्या लढाईच्या वस्तू हौशी माणसानं शोधल्या तर बिघडतं काय? माझ्या मते नोंद ठेवण्याच्या अटीवर मुभा असावी. बोला.

बालेकिल्ला

बिघडतं असं की उद्या तुमच्यासारखे पन्नास जण येतील आणि त्यातले पंचेचाळीस नोंदवही आणणार नाहीत.

मार्च 2025 आठवा. बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला, एक सिनेमा बघून आणि मुघलांच्या सोन्याच्या नाण्यांची अफवा ऐकून, लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. ते गडावर नव्हते, शेतातच होते. तुमच्या हातात यंत्र दिसल्यावर त्या चौघांना गुप्तधन आठवलं, यात त्यांची चूक नाही. आपल्याकडं गुप्तधनापायी माणसं मारली गेली आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख उगाच आलेला नाही.

छंदच हवा तर पावसाळ्यापूर्वी गडावरच्या टाक्यातला गाळ काढायला चला. घाम गाळायला माणसं कमी पडतात.

पंचगंगाकाठ

गाळ काढायला मी येतो, गेल्या दोन मोहिमांना होतो. तो वेगळा विषय. असीरगडला गेले ते सोन्यासाठी. माझ्या बोराएवढ्या शिशाला भंगारात चहाचेसुद्धा पैसे येणार नाहीत.

खापराचा तुकडा

पुरातत्त्व शिकते आहे, म्हणून जरा लांबण लावते.

दादा, आधी एक दुरुस्ती. ते 100 आणि 200 मीटर मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आहेत. 301 व्या मीटरला इतिहास संपत नाही.

आता तुमची गोळी. ती कुठल्या लढाईची? 1660 मध्ये मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा होता, राजापूरचे इंग्रज आपला दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. 1701 मध्ये औरंगजेबानं गड घेतला. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडात कंपनीच्या फौजेनं डिसेंबरात पन्हाळ्यावर हल्ला केला. शिवाय संस्थानच्या काळात या डोंगरात शिकारी झाल्या. शिशाची गोळी या चारांतली कुठलीही असू शकते, आणि नुसत्या गोळीकडं बघून ते सांगता येत नाही. तिच्या आसपास अजून काय होतं, किती अंतरावर, चेपलेल्या आणि न चेपलेल्या गोळ्या कुठल्या पट्ट्यात, यावरून सांगता येतं. न चेपलेली म्हणजे बहुधा भरताना हातातून पडलेली, तिथं बंदूकवाला उभा असेल. चेपलेली म्हणजे तिकडून आलेली. अशा शंभर जागा नकाशावर मांडल्या तर फौजेची रांग दिसू लागते.

हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1983 मध्ये वणवा लागून गवत जळालं. पुढची दोन वर्षं पुरातत्त्वज्ञांनी तिथं डिटेक्टर फिरवले, प्रत्येक गोळी आणि काडतुसाच्या जागी खूण लावली. पुंगळ्यांवरच्या पिनेच्या ठशांवरून एकच बंदूक रणांगणात कुठून कुठं सरकत गेली, हे मांडता आलं. त्यातली एक पुंगळी कोणी आधीच आठवण म्हणून खिशात घातली असती तर साखळीतली एक कडी गेली असती.

तुमच्या गोळीची जागा तुम्ही लिहून ठेवली आहे का?

पंचगंगाकाठ

विहिरीच्या अंगाला, चौथी किंवा पाचवी सरी. नाही, लिहिलेली नाही. आता तर सऱ्याही मोडल्या.

शिवराईचंही सांगून टाकतो. चिंच-मीठ लावून घासली. चकाचक झाली आणि अक्षरं निम्मी गेली.

पण ताई, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं आहे. तिथं डिटेक्टर चालवायला सरावलेले हौशी लोकच घेतले होते. जर्मनीत काल्क्रीजला तर सुरुवातच हौशी माणसानं केली. तिथं नेमणुकीवर असलेला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी 1987 मध्ये डिटेक्टर घेऊन फिरताना त्याला आधी रोमन चांदीची नाणी मिळाली, मग गोफणीच्या शिशाच्या गोळ्या. त्या गोळ्यांवरून इसवी सन 9 मधल्या, तीन रोमन पलटणी कापल्या गेल्या त्या लढाईची जागा हाती लागली, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. शतकानुशतकं विद्वान ती जागा शोधत होते.

खापराचा तुकडा

त्या अधिकाऱ्यानं काय केलं तेही लिहा की. शोधायला लागण्याआधी तो तिथल्या पुरातत्त्वज्ञांना भेटला आणि सापडलेलं त्यांच्याकडं नेत गेला. तुम्ही कोणाला भेटलात?

आणि लांब कशाला जायचं? टाऊन हॉलच्या संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती बघितली असेल. ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली हे ठाऊक आहे, म्हणून ती कोल्हापूरचा रोमन जगाशी संबंध सांगते. तीच मूर्ती जुन्या बाजारात गोणपाटावर मिळाली असती तर शोकेसमधली शोभेची बाहुली.

पक्षकार

कायदा कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो. 1878 चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, अंदाजे किती, कुठं, कधी. दहा रुपये 1878 चे, आज त्यात वडापावही येत नाही, पण आकडा तोच. मालक कोणी सिद्ध झाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसेल तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. न कळवल्यास वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

गंमत पुढं आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदला वस्तूतल्या धातूच्या किमतीवर, अधिक तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे शिवराईला तांब्याचा भाव. अशा कायद्यात कोण आपणहून सांगायला जाईल?

बंदुकीतून सुटून मातीत घुसलेली गोळी 'दडलेली' म्हणायची का, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलतील. पण 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय नाही, आणि खासगी माणसानं देशाबाहेर पाठवायची तर अजिबात नाही. छंद करा, पण ऑनलाइन विकायला टाकू नका.

भट्टीवाला

शिरोलीत पंचवीस वर्षं फौंड्रीत काढली. तुम्ही शिकलेले लोक नोंदी आणि कायद्यावर भांडताय, माल कुठं जातो ते मी सांगतो. आमच्याकडं येतो.

जेसीबीनं बांध फोडला, जुना वाडा पाडला की निघालेलं लोखंड भंगारवाल्याच्या टेंपोत पडतं. तिथून यार्डात, यार्डातून भट्टीत. त्यात मोटारीचं ड्रम, शिवणयंत्राची चाकं, मधूनच एखादा गंजका गोळा. बघायला वेळ कोणाला? एक नियम मात्र कडक: पोकळ, तोंड बंद असलेली वस्तू भट्टीत टाकायची नाही, ओलं भंगारही नाही. आत हवा किंवा पाणी अडकलं असेल तर वितळलेलं लोखंड अंगावर येतं. तेव्हा गोळा सापडला आणि वजनाला हलका लागला, पोकळ वाटला, तर हातोडीनं ठोकून बघू नका. आत काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

आता दुसरी बाजू. चार वर्षांत तिघं जण मला "शिवकालीन तोफगोळा" दाखवायला घेऊन आले. एक बॉल मिलचा, म्हणजे दळायच्या यंत्रातला गोळा होता, पूर्ण गोल, गुळगुळीत. जुना ओतीव गोळा असा नसतो, दोन साच्यांच्या जोडाची रेघ दिसते, रस ओतला त्या जागेचा टवका दिसतो. दुसरा कुठल्यातरी गेटवरचा. तिसरा मी काट्यावर टाकला, 7 किलो 260 ग्रॅम. म्हटलं, भावा, हा गोळाफेकीचा आहे, तालमीत परत देऊन ये.

बालेकिल्ला

हसलो. पण भट्टीवाले काकांनी माझंच म्हणणं मांडलं. ओळखता येत नाही, तरी काढायचं.

स्फोटकाचं थट्टेवारी नेऊ नका. 2018 मध्ये शिमोगा जिल्ह्यात नगर गावी पडक्या विहिरीत टिपूच्या काळातले हजाराहून जास्त अग्निबाण निघाले, दारू भरलेले. ते कर्नाटकच्या पुरातत्त्व खात्यानं रीतसर काढले. तिथं आधी एखादा छंदवाला कुदळ घेऊन उतरला असता तर?

पंचगंगाकाठ

विहिरीत उतरून डिटेक्टर कोण चालवतो? साधं यंत्र शिवराईएवढी वस्तू सहा-आठ इंचांवर पकडतं, तेही माती शांत असेल तर. पन्हाळ्याकडची तांबडी जांभ्याची माती लोहानं भरलेली, यंत्र सारखं कुरकुरतं. मातीशी जुळवून घेण्यातच सकाळ जाते. मी जे काढतो ते नांगराच्या थरातलं. तो थर आधीच वरखाली झालेला असतो, तसंही विस्कटलंय.

खापराचा तुकडा

वरखाली होतो, पण फार लांब जात नाही. काही हातांचा फरक पडतो, रान बदलत नाही. म्हणून तर नांगरटीतल्या गोळ्यांवरूनही रणभूमीचे नकाशे झाले. "तसंही विस्कटलंय" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं.

लोखंडाचं आणखी एक. मातीत तीनशे वर्षं टिकलेला बाणाचा फाळ बाहेर काढून कपाटात ठेवला की काही वर्षांत पापुद्रे सुटतात. गंजात क्षार साचलेले असतात, हवा आणि दमट पावसाळा मिळाला की ते कामाला लागतात. कोल्हापूरचा जुलै तर तुम्हाला ठाऊकच आहे. काढणं पाच मिनिटांचं, टिकवणं प्रयोगशाळेचं.

मळ्यातला

मी त्याच बाजूचा शेतकरी. सगळं वाचलं. रान आमचं, आणि आमाला कोण इचारंना.

सपाटीकरण करू नको म्हणता, तर पाणी कसं चढवू? ट्रॅक्टरच्या फाळाला काय लागलं तर मी बांधावर फेकतो. दगड असू द्या न्हाईतर तोफगोळा. सरकारला कळवलं तर रान अडकंल ही भीती हाय, खोटं कशाला बोलू. तुमी म्हणता लिहून द्या. लिहून दिलं आणि हंगामात कोण तरी फीत लावून बसलं तर ऊस तुमच्या दारात आणून टाकू का?

पण त्या पंचगंगाकाठवाल्या पोरानं इचारून पाय ठेवला असंल तर मला वावगं न्हाई वाटत. रात्री चोरून येणारं बी बघितल्यात. नारळ, लिंबू, हळद-कुंकू ठेवून खड्डा तसाच टाकून गेल्यालं. त्यात माझ्या बैलाचा पाय गेला.

वळीवडेकर

जरा आडवाट. दुसऱ्या महायुद्धात आमच्याकडं पोलिश निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 48, पाच हजारांच्या आसपास माणसं. तिथं बटणं, बिल्ले, नाणी मिळू शकतील का? लष्करी नाही, पण युद्धातलंच. शंभर वर्षं झालेली नाहीत, मग पुरावस्तू कायद्याबाहेर?

खापराचा तुकडा

वयाच्या हिशेबानं बाहेर असेल. पण त्या छावणीत वाढलेल्यांची मुलं-नातवंडं अजून वळीवडेला येतात. एखादा बिल्ला कोणाच्या आजोबांचा असू शकतो. मी तरी त्यांना आणि ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

बालेकिल्ला

सगळ्यांचं ऐकून मत तेच. ब्रिटनचा दाखला कोणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो. तिथं 1997 पासून हौशींच्या वस्तू नोंदवायची योजना आहे, दहा लाखांवर नोंदी झाल्या, जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी माणूस नेमलाय. आणि तरी तिथं रात्री चोरून फिरणारे आहेतच. आपल्याकडं तो माणूस कुठाय? तो नेमला जाईपर्यंत यंत्र माळ्यावर ठेवा. मुभा आधी आणि नोंदवही नंतर, हे उलटं आहे.

पंचगंगाकाठ

बालेकिल्ला, "तो माणूस कुठाय" याला माझ्याकडं उत्तर नाही. पण तो येईपर्यंत जेसीबी थांबणार नाही आणि भट्टीवाले काकांची भट्टीही नाही. यंत्र मी विकणार नाही. "विस्कटलंय" हे मात्र मागं घेतो.

मामांशी बोललो. गोळी आणि शिवराई कुठं मिळाली ते आठवेल तसं कागदावर काढलंय, रानाचा गट नंबर टाकलाय. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देतो, मामांची सही घेऊन. ताई, मसुदा बघाल का? इथून पुढं मी एकटा फिरणार नाही. तुमच्या विभागातलं कोणी सोबत असेल आणि प्रत्येक खुणेला काठी रोवून जागा लिहिली जाणार असेल तरच.

पक्षकार

अर्ज दोन प्रतींत द्या. आवक नंबर टाकून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मळ्यातला

माझ्या रानाचं बघायचं असंल तर ऊस गेल्यावर या, पाला पेटवायच्या आत. दिवसा. आणि येताना आधी फोन करा, कुत्रं मोकळं असतंय.